लॉरेल फोर्कच्या अन्नपरिषदेत मला जागा का नाही

प्रिय ओर्फा आत्यास,

कोल्बीचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? कोंबड्यांनी संप मिटवला का? आतोबांनी तंबाखू सोडल्याची बातमी खरी असेल तर त्यांना माझं अभिनंदन सांग, खोटी असेल तर माझी सहानुभूती सांग. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मला सोडून सगळे.

चर्चच्या जेवणात मी काय केलं ते आईने तुला फोनवर सांगितलं असेलच. (म्हणून तर पत्र लिहितोय. फोनवर बोललो की आई भांडी घासायची थांबून ऐकते.) आईचं सांगणं कसं असतं ते तू जाणतेस, तिच्या प्रत्येक गोष्टीत मी कुठेतरी मधेच रडतो. मी रडलेलो नाही. माझं चुकलेलंही नाही. गावात मी उजळ माथ्याने फिरतो, फक्त पोस्टात जरा खाली बघून जातो, कारण तिकिटं विकायला शाळेच्या स्वयंपाकघरातल्या वांडाबाई अँबर्जींची बहीण बसते.

कॉलेज मी अर्ध्यात का सोडलं हे तू एकटीनेच नीट विचारलं होतंस, म्हणून तुलाच सांगतो. लेक्सिंग्टनला शेतीच्या वर्गात प्राध्यापक म्हणाले की डोंगरातल्या लोकांना काय खावं ते कळत नाही. मी उभा राहून म्हणालो, कळतं सगळं, मिळत नाही. ते म्हणाले, बसा. मी बसलो तो थेट घरी येणाऱ्या बसमध्ये. आणि घरी येऊन बघतो तर माझंच खरं. गावातलं किराणा दुकान बंद पडलेलं, उरलं ते स्वस्त मालाचं डॉलरवालं, तिथे डबा, पुडा आणि बाटली सोडून खायचं काही नाही. कोबीचा गड्डा हवा तर डोंगर ओलांडायचा. त्याच वेळी शाळेसमोरच्या उतारावर आपल्या लॉनीदादाच्या घेवड्याच्या शेंगा वेलीवरच वाळून जातात, कारण शाळेच्या स्वयंपाकघराला त्या घेता येत नाहीत. काउंटीने सगळी खरेदी शहरातल्या एका ठेकेदाराला बांधून दिलेली. म्हणून अन्नपरिषद. पिकवणाऱ्यांनी, शिजवणाऱ्यांनी आणि चर्चचं स्वयंपाकघर चालवणाऱ्या बायकांनी एका टेबलाशी बसायचं, आणि काउंटीने कोणाकडून काय घ्यावं हे काउंटीला सांगायचं. काउंटीप्रमुख बर्ल हेन्सली म्हणाले होते, रविवारच्या जेवणाला येतो, लोकांचा उत्साह दिसला तर मंजुरी देतो, नाही दिसला तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही.

कल्पना माझी. (डेल्फियाच्या मते तिची. हिवाळाभर घरोघर फिरून माणसं तिने जमवली, मी नुसती गाडी चालवली. चांगली चालवली, एवढं तीही मानते.) डेल्फिया म्हणजे वांडाबाईंची मधली मुलगी, काउंटीच्या शेती कचेरीत असते. तिच्याविषयी मी या पत्रात काही लिहिणार नाही. केस तिने आखूड केलेत.

तर तिने मला एकच काम दिलं होतं, टेबलं मांडायचं. मांडली. पण नुसती टेबलं मांडून जग बदलल्याचं मी कुठे ऐकलेलं नाही. आपापल्या घरची भांडी टेबलांवर ठेवून बायका प्रार्थनेला आत गेल्या तशी मी भांड्यांवरची चंदेरी कागदाची झाकणं काढली आणि प्रत्येक भांड्यासमोर एक चिठ्ठी उभी केली: हा पदार्थ कुठून आला, किती मैल आला. आता तू म्हणशील, कोल्बी, आपल्याकडे बाईचं नाव भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर असतं, वर काही लिहीत नाहीत. मला माहीत आहे. एखादीच्या भांड्याला चमचा लागला नाही तर ती वर्षभर बोलत नाही, म्हणून आपण सगळ्यांचं थोडंथोडं घेतो, जेलीत बुडवलेलं गाजरसुद्धा. पण मी नावं कुठे लिहिली? मी मैल लिहिले. मक्यासमोर इलिनॉय, बटाट्यासमोर आयडाहो. केळ्यांच्या पुडिंगसमोर माझं अक्षर जरा मोठं आलं: ‘केळी ग्वाटेमालाची, बिस्किटं कारखान्याची, लॉरेल फोर्कचं फक्त पाणी.’ (पुडिंगमध्ये पाणी घालत नाहीत हे मला नंतर कळलं.)

ते पुडिंग वांडाबाईंचं. हो, तेच. आजोबा गेले तेव्हा सगळ्यांत आधी आपल्या दारात आलं होतं ते.

प्रार्थना आटोपून सगळे आले, आणि रांग हललीच नाही. वांडाबाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. बोलली ती डेल्फिया. म्हणाली, “माझी आई शाळेत चारशे पोरांना रोज जेवू घालते. केळी ग्वाटेमालाहून आणते ती काय हौस म्हणून? गावात दुसरं मिळतं कुठे?”

मी म्हणालो, तेच तर मी दाखवतोय.

“तू आमच्या चुली दाखवतोयस, गाढवा. आणि तू स्वतः काय शिजवून आणलंस?”

मी पेट्रोल पंपावरून वेफर्सचा पुडा आणला होता. त्याच्यासमोर चिठ्ठी नव्हती. (कार्डं संपली होती.)

इथेच सगळं बुडायचं. पण बर्ल हेन्सलींना हसू आलं, आणि ते आवरलं नाही, ही त्यांची चूक. रिकामं ताट हातात धरून म्हणाले, “घ्या, तुमच्याच पोराच्या मते तुम्हाला चूलसुद्धा सांभाळता येत नाही, आणि निघालात काउंटीला शिकवायला. चला, विषय संपला, जेवून घेऊ.”

“बर्ल, हसू नकोस,” वांडाबाई म्हणाल्या. “या पोराला अक्कल नाही, पण मैल त्याने बरोबर मोजलेत. शाळेत मी शेंगांचा डबा उघडते ना, तेव्हा समोरच्या खिडकीतून मला लॉनीच्या शेंगा दिसतात. त्या ठेक्यावर सही कोणाची आहे?”

“वांडा, ते सगळं नियमाला धरून आहे.”

“मग नियम बदल. तोवर तुला वाढणार नाही.”

आणि त्यांनी पुडिंगवर झाकण घातलं. त्यांच्या शेजारणीने शेंगांवर घातलं. मग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद चुरचुरत गेला, आणि सगळं अन्न झाकलं गेलं. आत्या, त्या खोलीत कोंबडीचा असा वास सुटला होता की पास्टरांनीही डोळे मिटले. भूक लागलेला माणूस आणि निवडणूक जवळ आलेला माणूस एकाच कोटात असला की त्याचं फार वेळ चालत नाही. बर्ल हेन्सलींनी तिथेच, पास्टरांच्या देखत, परिषदेला मंजुरी दिली आणि ठेका मोडायला हो म्हटलं. मंगळवारी रीतसर सही झाली. वांडाबाई अध्यक्ष, डेल्फिया चिटणीस.

परिषदेचा पहिला नियम असा: ज्याने कधी स्वतः शिजवून चर्चच्या टेबलावर काही ठेवलं नाही, त्याला परिषदेत बसता येणार नाही. लॉरेल फोर्कमध्ये असा माणूस एकच आहे. नियम डेल्फियाने सुचवला आणि वाचून दाखवताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, त्यावरून मी ओळखलं की तो माझ्यासाठीच आहे.

मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही. माझ्या चिठ्ठ्या नसत्या तर झाकणं पडली नसती, आणि झाकणं पडली नसती तर बर्ल हेन्सली पोटभर जेवून, ढेकर देऊन, बघू म्हणून निघून गेले असते. हे मी वांडाबाईंच्या अंगणात उभा राहून मोठ्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, खरं आहे, आणि दार लावून घेतलं. नियमापुढे मी मान तुकवणार नाही. परिषद भरली की मी बाहेर उभा राहून खिडकीतून मतं मांडीन. थंडी पडली तर टोपी घालीन.

तुझा ताठ मानेचा भाचा,
कोल्बी स्लोन

ता.क. तुझ्या व्हरांड्यात दोऱ्यात ओवून वाळवलेल्या शेंगा अजून असतील. त्यातल्या मोठं पातेलंभर शिजव, खारवलेल्या मांसाचा तुकडा घालून, जशा तू नेहमी करतेस तशा, आणि रविवारच्या जेवणाआधी पोचव. पातेल्याच्या बुडाला माझं नाव लिही. चव थोडी बिघडव, नाहीतर ओळखतील.

ता.क. दुसरा. वरचं रद्द समज. पाकीट चिकटवणार एवढ्यात डेल्फिया आली, चर्चची टेबलं जागेवर ठेवलीस का विचारायला. मी म्हणालो, आत्याकडे जाऊन शेंगा शिजवणार आहे. ती म्हणाली, बरं, शनिवारी मीच तुला नेते आणि शिजेपर्यंत समोर बसते, आत्याने पळी हातात घेतली तर ते तुझं शिजवणं धरणार नाही. तेव्हा शेंगा शुक्रवारी रात्री भिजत घाल, आणि शनिवारी आतोबांना घेऊन कुठेतरी लांब जाऊन ये. त्या शेंगा मंद आचेवर दिवसभर लागतात असं आई म्हणते. जाण्याआधी आच अजून थोडी कमी करून ठेव.