बुधवारचा मुलगा, गुरुवारचं नाव

बेक्वाई,
१२ मार्च १९४५

चि. अकोसुआस अनेक आशीर्वाद.

मी बोलते आणि शाळेचे मास्तर लिहितात, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. गेल्या मंगळवारी सरकारी माणूस कागद घेऊन दारात आला. यॉ अम्पोन्सा ब्रह्मदेशात लढताना कामी आला, असं मास्तरांनी वाचलं. आधी वाटलं, लढाईवर गेलेला आपला क्वाकूच, मग नाव ऐकून हसूच आलं. अम्पोन्सा आपणही, पण आपला क्वाकू बुधवारचा, म्हणून तर क्वाकू. गुरुवारी जन्मलेला यॉ आपल्या घरात कोण? त्या माणसाला मी ओढ्यापलीकडे पोकुआकडे पाठवलं. तिचा यॉ अम्पोन्साही तिकडेच लढतोय.

बिचारी जेवत नाही. शनिवारी त्यांच्या घरी दुखवट्यासाठी डोकी भादरणार आहेत. मी उकडलेली केळी नेते, पण तिच्यासमोर बसायची लाज वाटते. क्वाकूचं पत्र आलं का? लबाड आधी तुलाच लिहितो.

माया आहेच, ती पत्रातून मोजू नकोस.
तुझी आई

कुमासी,
१४ मार्च १९४५

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

शाळेत गोवर आहे, फाटक बंद आहे, कुणाला बाहेर सोडत नाहीत, नाहीतर मीच आले असते. मास्तर, पुढचं वाचण्याआधी आईला बसवा.

आई, क्वाकू सैन्यात जायला घरातून पळून इथे आला तेव्हा द्वोमोमामा भरतीच्या तंबूपर्यंत शोधत येणार, हे त्याला ठाऊक होतं. फॉर्म मी भरला. तो म्हणाला, ताई, मला एक दिवस पुढे ढकल, मामा बुधवार शोधत बसेल. आम्ही दोघं खूप हसलो. मी यॉ लिहिलं. पुढे पोकुआमावशीचा यॉही सैन्यात जाईल, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

कागदावर नंबर असेल. क्वाकूच्या नंबराच्या शेवटी ४७ आहे. मास्तरांना शनिवारच्या आत बघायला सांग. तो नंबर मावशीच्या मुलाचा निघो, असं मनात आलं आणि मला माझीच भीती वाटली.

रागावलीस तरी लिही.
तुझी अकोसुआ

बेक्वाई,
१८ मार्च १९४५

चि. अकोसुआस आशीर्वाद.

शेवटी ४७च आहे. मास्तरांनी तीनदा वाचलं.

कागद पोकुआच्या उशाखाली होता, तो मला तिच्याकडूनच मागावा लागला. तिनं धीर न धरता शुक्रवारीच डोकं भादरलं होतं. मी म्हटलं, तुझा नाही, माझा. मला वाटलं, आता ही मला मारणार. ती आत गेली आणि वस्तरा घेऊन आली. माझे केस तिनंच काढले. म्हणाली, काय राठ केस आहेत तुझे, पोरगाही असाच हट्टी होता. मग आम्ही दोघी रडलो.

काल द्वोमोनं पूर्वजांसाठी ताडी ओतली. पोराचा देह नाही, पुरायला केस नाहीत, नख नाही, हाक मारायला नुसतं नाव. द्वोमो तिथेच अडला. मी म्हटलं, दोन्ही नावांनी बोलव. दोन वर्षं तो यॉ म्हटल्यावर ओ देत होता. पडल्यावर त्याला कुणी हाक मारली असेल, तर तीही त्याच नावानं. तेवढ्यात पोकुआनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, यॉ हळू म्हणा, माझा जिवंत आहे, तो ऐकून ओ देईल.

द्वोमोनं क्वाकू मोठ्यानं म्हटलं, यॉ ओठांतल्या ओठांत.

तुझ्यावरचा राग तू समोर आलीस की काढीन. फाटक उघडलं की ये, त्याची पत्रं घेऊन ये. पोकुआ दिवसभर रस्त्यावर डोळे लावून बसते, मी तिच्याशेजारी बसते.

वाट पाहणारी,
तुझी आई