दारामागचा कचरा

बाई, त्या दिवशी तुम्हाला माझा पाय दिसला होता की नाही? इतकी वर्षं झाली, मला अजून सांगता येत नाही. आणि विचारायला आता तुम्ही नाहीत.

तुम्हाला आमच्या शाळेत येऊन दोनच दिवस झाले होते. सहावीचा वर्ग रोज एकेकाने झाडायचा, हजेरीपटातल्या नंबराप्रमाणे. माझा सतरावा. आधीचे गुरुजी सोळानंतर सरळ अठरा म्हणायचे आणि मला ते प्रेमच वाटायचं. लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर घातलेला पाय बाकाखाली ओढून मी बसून असायचे. मला कोणी फळ्याजवळ बोलवत नसे, काही विचारत नसे. झाडायचा नंबर नाही तसा उत्तराचाही नाही, असं मी केव्हातरी मनाशी धरून टाकलं होतं. खिडकीतून दूर तिरोड्याच्या वीजकेंद्राची चिमणी दिसायची. तिचा धूर नेमका कुठे विरतो ते बघण्यात माझे तास जायचे.

त्या सकाळी तुम्ही वर्गात आलात, जमिनीकडे पाहिलंत. "सतरा नंबर कोणाचा?" सगळी पोरं माझ्याकडे वळली. मी बाक धरून उभी राहिले.

"काऊन नाही झाडलं?"

मी खाली पायाकडे बघत राहिले.

"तोंड नाही का? घे झाडू." एवढं बोलून तुम्ही हजेरीपटात मान घातलीत.

तो वर्ग अजून माझ्या स्वप्नात येतो. उन्हाचा पट्टा आत आलेला असतो, त्यात धूळ हळूहळू वर चढते, आणि चोरखमाऱ्याच्या तलावात उतरल्यावर व्हावा तसा माझा पाय हलका झालेला असतो. मागून कोणीतरी म्हणतं, "अबे, झाडूबी लंगडून राहिला!" हसू फुटतं. कॅलिपर कटकट वाजतं. तुमची मान खालीच. मी जागेवर येते तेव्हा तुम्ही म्हणता, "दारामागचा कचरा राहिला." माझे कान तापतात. पण ते बोलणं पायाला नसतं, कचऱ्याला असतं. आजवर माझं काही चुकलंय असं कोणी म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. "बाई, पोरीचा पाय असा, अन् तिले झाडू कायले देता?" तुम्ही एवढंच म्हणालात, "नंबर तिचाच होता ना, माय?" त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा हात वर केला. उत्तर चुकलं. "चूक. बस," तुम्ही म्हणालात, सगळ्यांना म्हणायचात तसंच.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती घेऊन तुमच्याकडे यायचं ठरवलं होतं, त्याआधीच तुम्ही गेलात. आता कामठ्याकडच्या एका शाळेत मी चौथीला शिकवते. माझ्या वर्गात कोणी कडेला बसून राहणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तरी कुबडी घेऊन येणाऱ्या एका मुलीचा नंबर मी जूनपासून गाळत होते. तिच्याशी बोलताना माझा आवाजही मऊ व्हायचा. सोमवारी तिनेच विचारलं, "म्याडम, माझा नंबर कवा येते?"

"तू राहू दे, बेटा," माझ्या तोंडून निघून गेलं. ती खिडकीबाहेर बघू लागली.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, बाई. आज सकाळी तिचा नंबर पुकारला. कुबडी भिंतीला टेकवून, खाली बसून, सरकत सरकत तिने सगळा वर्ग झाडला. दोनदा मला उठून झाडू घ्यावासा वाटला. शेवटी म्हटलं, "दारामागचा कचरा राहिला," आणि हजेरीपटात मान घातली. हजेरी केव्हाच घेऊन झाली होती.