तीन गाठींची बाटली

८ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तू वाचत नाहीस, म्हणून हा कागद. बसली आहेस ना? बाबांच्या औषधाच्या दुकानात विष होतं!

दुकान रिकामं करून द्यायचंय म्हणून मी महिनाभर इथे आले आहे. मागच्या खोलीतल्या कपाटात एक निळी, सहा बाजूंची बाटली सापडली. काचेचं बूच, अंगावर उभे कंगोरे. इतकी गोड की फोटो काढून ऑनलाइन विकायला टाकली. दोन तासांत एका संग्राहकाचं उत्तर आलं. म्हणे, अशा बाटल्या विषारी औषधांच्या असायच्या. न बघता हात लावला तरी कळावं म्हणून ते कंगोरे. आदल्या दिवशी त्याच बाटलीत फुलं घालून ती जेवणाच्या टेबलावर ठेवली होती, अगं!

आता तो विचारतोय, बाटली किती जुनी, कशी घडवलेली. मला काय कळतंय? बाबा म्हणाले, आत्याला विचार. वीस वर्षं तू काउंटरवर बसायचीस, शेवटी शेवटी तर चिठ्ठ्या अशा खड्या आवाजात वाचायचीस की अख्ख्या रस्त्याला कोणाला काय झालंय ते कळायचं. तर एवढं सांगच.

बाकी कपाट मी लख्ख केलं. चाळीसच्या चाळीस बाटल्यांच्या मानेला मळकट दोरे होते, कसल्या कसल्या गाठी मारलेले. सगळे कात्रीने कापले, बाटल्या सोड्याने घासल्या, उंचीप्रमाणे लावल्या. बाबांनी कौतुकाचा शब्द काढला नाही. चार दिवस गप्प आहेत, गरम पाण्यात बोटं बुडवून चोळत बसतात. थंडीने असेल.

लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर वाढेल.

तुझी ठकी

१२ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र वाचलं आणि अशी ओरडले की सून पाणी घेऊन धावली. अगं बये, काय करून बसलीस! ते दोरे मी बांधले होते.

आता लपवण्यात अर्थ नाही. दुकान बंद होण्याआधीची सहा वर्षं तुझ्या बापाला अक्षर दिसत नव्हतं. माणूस दिसायचा, दार दिसायचं, पण चिठ्ठी आणि लेबल म्हणजे नुसता धूर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. दादाने माझ्यापुढे हात जोडले, कोणाला सांगू नकोस, ठकीला तर नाहीच. म्हणून मी चिठ्ठ्या ओरडून वाचायची, त्याला ऐकू जाव्यात म्हणून. तुम्ही हसायचात, बहिरी आहे म्हणून ओरडते. म्हटलं, हसा! एक गाठ म्हणजे पोटात घ्यायचं, दोन म्हणजे वरून लावायचं, तीन म्हणजे तोंडात जाता कामा नये. बाटल्यांच्या जागा त्याच्या डोक्यात आणि गाठी बोटांत. औषध देण्याआधी लेबल मी पुन्हा वाचायची. एकही चूक झाली नाही. निळीलाही मी तीन गाठी मारायला गेले, तर म्हणाला, हिला कशाला, ही काचेतूनच बोलते.

आणि थंडीचं नाव काय घेतेस! हा कागद वाचलास की चपला घाल आणि त्याच्याकडे जा. दोरे तू कापलेस हे त्याला सांग. सुनेकडून फोन करवला असता, पण ही गोष्ट तिच्या तोंडी द्यायची माझी छाती झाली नाही.

रागव, पण लोभ सोडू नकोस.

तुझी बहिरी आत्या

१६ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार, पण आधी भांडण.

सहा वर्षं! माझ्या लेकीचं खोकल्याचं औषध त्याच सहा वर्षांतलं. एखादी गाठ सुटली असती तर? हे मी तुम्हा दोघांना इतक्यात माफ करणार नाही.

पण काल पत्र मिळाल्या मिळाल्या दुकानात गेले. बाबा कपाटापुढे उभे होते. एकेक बाटली उचलत, मानेवरून अंगठा फिरवत, ठेवत, तीच पुन्हा उचलत. मी सांगितलं, दोरे मी कापले. त्यांनी विचारलं, सगळे? सगळे म्हटलं. तसे ते स्टुलावर बसले आणि हमसून हमसून रडले. आत्या, इतके दिवस त्यांना वाटत होतं, डोळ्यांमागोमाग आता बोटंही गेली. त्यांच्या हाताला ओळखू येईल अशी एकच बाटली उरली होती, आणि ती मी खोक्यात भरून घरी नेली होती!

निळी आणून त्यांच्या हातात दिली. कंगोरे लागले मात्र, चेहराच बदलला. म्हणाले, लिहून घे. कंगोरे तीन बाजूंना. साच्याच्या जोडाची रेघ मानेपाशीच संपते, म्हणजे वरचं तोंड हाताने घडवलंय, बाटली जुनी. बुडाला बारीक टवका आहे, तो लपवू नकोस. तो टवका मला दिसलाच नव्हता! विक म्हणाले, आणि मानेला तीन गाठी स्वतः मारल्या.

संग्राहकाचं उत्तर आत्ताच आलं. मी ते तुझ्यासारखं ओरडून वाचलं. तो लिहितो, बाटली इतक्या बारकाईने बघणारा माणूस आजवर भेटला नव्हता. बाबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

माफी नाही, लोभ मात्र आहे. दोऱ्याचं रीळ घेऊन ये. बाबांच्या स्वतःच्या गोळ्यांच्या बाटल्यांना गाठी मारायच्यात.

तुझी ठकी