डावीकडे वळणारी गाडी

२ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. गाडी घ्यायची. जुनी, स्वस्त, पण रुबाबदार. महिनाअखेर बायको आणि पोरगी इथे माझ्याजवळ, आणि लॉन्ड्रीच्या व्हॅनला कायमचा रामराम. व्हॅनमध्ये ओल्या बुटांचा वास. वर ड्रायव्हर रोज सकाळी मेंढरं मोजावीत तशी आमची डोकी मोजतो. आम्ही त्याला हवालदार म्हणतो. त्याला ते आवडतं, हेच वाईट.

बायकोची अट एकच. माझी खोली गावाबाहेर, पोरीला अधूनमधून दम लागतो, तेव्हा दवाखाना गाठायला दारात गाडी पाहिजे. म्हणाली, चालणारी घ्या, दिसणारी नको. तिला गाडीतलं काय कळतंय.

मग पोरीला फोन दिला. मी निघालो तेव्हा पाळण्यात होती, आता चुरूचुरू बोलते. विचारलं, बाबा कुठे असतो गं? म्हणाली, फोनमध्ये.
हुशार आहे. माझ्यावर गेलीय.

५ नोव्हेंबर, बुधवार
खोलीत माझ्याबरोबर एक स्वयंपाकी राहतो. हॉटेलात आहे. हाताला चव आहे म्हणतात, पण ती तो हॉटेलातच ठेवून येतो. महिनाअखेर भावाकडे राहायला जाणार, म्हणून सध्या सहन करतोय. त्याच्याबरोबर एक पांढरी गाडी बघून आलो. इंजिन ठीक, टायर ठीक, हीटर ठीक. सगळंच ठीक. मला पसंत नाही. तिला चेहराच नाही.
स्वयंपाकी म्हणाला, चेहरा कशाला? लग्न लावायचंय का तिच्याशी?
आठवी नापास असलो तरी गाडीच्या बाबतीत मला नजर आहे. लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं, पण तो परीक्षकाचा दोष.

९ नोव्हेंबर, रविवार
घेतली!!
बाटलीसारखी हिरवी. गोल दिवे, त्यातला एक किंचित तिरळा, त्यामुळे आपल्याला ओळखल्यासारखी बघते. औषधाच्या दुकानावरून डावीकडे वळलं की एक गल्ली आहे, तिथे एका बाईंच्या गेटात ताडपत्रीखाली उभी होती. बाई एकट्या. नवरा गेल्या हिवाळ्यात वारला. मी त्यांना काकू म्हटलं, तेवढ्यानेच अर्धं काम झालं.
घासाघीस कशी करतात ते माझ्याकडून शिकावं. मी फक्त गप्प उभा राहिलो. काकूंनीच किंमत खाली आणली, मग आणखी खाली. काय करतो, कोण कोण आहे, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, संध्याकाळी कधी सुटता?
साडेपाचला, म्हणालो.
लगेच किल्ली हातात दिली. म्हणाल्या, हेही साडेपाचलाच सुटायचे.
व्यवहारात माणूस ओळखणारी बाई.
मेहुण्याला फोटो पाठवला. त्याचा उलटा फोन, भाऊजी, ही गाडी आहे का बेडूक? जळतो.

१० नोव्हेंबर, सोमवार
पहिला दिवस. हवालदाराच्या नाकावर टिच्चून गाडीने गेलो. व्हॅनच्या काचेतून सगळे बघत होते, कोणीतरी बेडूक म्हणून ओरडलंसुद्धा. मी बघितलं नाही, फक्त हॉर्न दिला.
किरकोळ तक्रार. आरसा माझ्यापुरता खाली केला होता, संध्याकाळी बघतो तर वर. त्यात फक्त मागचं छत दिसत होतं. सीटही आपोआप मागे सरकलेली. कोणी ताडमाड माणूस बसून गेल्यासारखी. काकूंचा नवरा उंच असणार. जुन्या स्प्रिंगना सवय लागते, त्यात विशेष काही नाही. आरशाचा स्क्रू आवळला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आरसा परत वर. स्क्रू तसाच घट्ट. सीटखाली लाकडाची पाचर ठोकली.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पाचर मागच्या सीटवर सापडली. व्यवस्थित रुमालात गुंडाळलेली. रुमाल माझा नाही.
स्वयंपाक्याचा खोडसाळपणा. त्याला झापलं. तो म्हणाला, तुझ्या गाडीला मी हातही लावलेला नाही आणि लावणारही नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
तरी स्वयंपाक्याला बाजारापर्यंत घेऊन गेलो, गाडी काय चीज आहे ते कळावं म्हणून. औषधाच्या दुकानापाशी डावा इंडिकेटर आपोआप लागला. मी बंद केला. परत लागला. वायरिंग. जुन्या गाडीत चालतंच. मी नेटाने सरळ घेतली.
पलीकडे गेल्यावर स्वयंपाकी म्हणाला, थांब, उतरतो. मागून मानेवर कोणीतरी श्वास सोडतंय. म्हटलं, काच उघडी असेल. काच बंद होती. मग त्याला वात असणार. आडवेळी जेवतो. उरलेला रस्ता पायी गेला, हातात दोन पिशव्या घेऊन. हट्टी माणूस.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आज गाडी काकूंच्या गेटापुढे बंद पडली. मी त्या गल्लीत वळलोच नव्हतो. म्हणजे वळलो असणार, पण डोक्यात कामाचे विचार होते. इस्त्रीच्या रोलरवर दिवसभर चादरी घातल्या की डोळ्यांपुढे नुसतं पांढरं येतं. ज्या बाई समोरून घडी धरतात त्या मावशीही म्हणाल्या, अरे, तू आज कुठे हरवलायस? दोनदा कोणाशी बोललास?
काकू बाहेरच उभ्या होत्या. ट्रेमध्ये चहा. कप तीन. एक मला, एक त्यांना, एक डॅशबोर्डवर ठेवला. असते एकेकाची पद्धत.
चहा झाल्यावर गाडी पहिल्या झटक्यात चालू. कार्बोरेटर. गरम झाला की त्याला दम खावा लागतो.
निश्चय: उद्यापासून नदीकडच्या रस्त्याने.

१९ नोव्हेंबर, बुधवार
नदीकडच्या रस्त्याने गेलो. गेटापुढे बंद पडली.
या गावातले रस्ते कोणी आखलेत कोण जाणे. चहा बरा होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मेकॅनिककडे. त्याने दोन तास सगळं उघडून परत लावलं. म्हणाला, दोष काहीच सापडत नाही. मग विचारलं, बरोबर आलेल्या साहेबांना बसायला खुर्ची देऊ का?
मी एकटा गेलो होतो. त्याला चष्मा लागलाय.

२३ नोव्हेंबर, रविवार
चांगली बातमी! बायकोने तिकिटं काढली. शुक्रवारी संध्याकाळी बस येते, साडेपाचलाच. स्टँडवर गाडी घेऊन उभा राहतो म्हणालो. ती म्हणाली, नक्की ना? पोरीला सारखं सांगितलंय, बाबा न्यायला येणार. म्हटलं, अगं, मी म्हणजे शब्दाचा पक्का.
मेहुणा मध्येच फोन घेऊन म्हणाला, भाऊजी, त्या दिवशी टॅक्सी करा. मी फोन ठेवला.
दुसरी चांगली बातमी. सीट मागे असली तरी आता पाय पेडलला नीट पोचतात. आरसाही बरोबर बसतो. माणसाची उंची लग्नानंतर वाढत नाही म्हणतात, ते खोटं. व्यायाम पाहिजे. दिवसभर चादरींच्या ट्रॉल्या ढकलतो, तोच व्यायाम.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
मावशी म्हणाल्या, शीळ छान घालतोस, कुठलं गाणं आहे? मला शीळ घालता येत नाही. लहानपणापासून येत नाही, नुसती हवा जाते.
संध्याकाळी गेटापुढे काकू म्हणाल्या, कोपऱ्यावरूनच ऐकू आली शीळ, दूध तेव्हाच गॅसवर ठेवलं.
मग आपणहून सांगत बसल्या. नवऱ्याला घ्यायला ॲम्ब्युलन्स आली, तेव्हा त्याला स्ट्रेचरवर बाहेर आणलं. गेटापाशी त्याने हात वर करून थांबवलं आणि म्हणाला, येतो गं. दवाखान्यात पोचायच्या आत गेला. काकू म्हणाल्या, आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत ना. मीच घोकून घेतलं होतं त्यांच्याकडून. लग्न झालं तेव्हा रोज सकाळी जातो म्हणायचे, मी रोज भांडायचे, येतो म्हणा. तेवढं एक ऐकलं माझं.
मी म्हटलं, काकू, हे मनाचे खेळ असतात. असं समजावून सांगावं लागतं म्हाताऱ्या माणसांना.
बोलता बोलता माझा चहा गार झाला. डॅशबोर्डवरचा कप रिकामा होता.
आपल्या दारातून मीही येतो म्हणूनच निघालो होतो. पोरगी झोपली होती. का आठवलं कोण जाणे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
उद्याची तयारी जोरात. गाडी धुतली. पोरीसाठी मागच्या सीटवर उशी. प्लॅन पक्का: सुपरवायझरला सांगून पाचलाच निघायचं, म्हणजे साडेपाचच्या भानगडीत पडायलाच नको. स्टँड उजवीकडे, गल्ली डावीकडे. स्टिअरिंग उजवीकडे घट्ट धरायचं. बास. डोकं लागतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, पावणेसहा
गेटापुढे. गाडीत बसूनच लिहितोय.
पाचलाच निघालो होतो. स्टिअरिंग उजवीकडे घट्ट धरलं होतं. हात अजून दुखतायत.
बायकोचे फोन येतायत. पहिला उचलला, म्हणालो, येतो येतो, पोचलोच. दुसरा उचलला नाही. किल्ली फिरवतोय, नुसतं टक् टक्.
काकू आल्या. आज ट्रे नाही. केस नीट विंचरलेले, चांगली शाल. दाराला हात लावायच्या आत शेजारचं दार उघडलं. आत बसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, उशीर केलात आज.
मी म्हणणार होतो, काकू, मी आहे.
तोंडातून निघालं, रस्त्यात गर्दी होती गं.
आवाज माझा नव्हता. काकू रडत नव्हत्या. हसत होत्या. मी आरशात बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं का?

त्याच दिवशी, रात्री दहा
झालं ते असं. मी उतरलो. किल्ली तशीच आत. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्या सीटशीच बोलत होत्या. मी गल्लीच्या तोंडापर्यंत पळालो. पावलं पूर्वीसारखी आखूड पडत होती, म्हणजे उंची जागेवर आली. कोपऱ्यावर लॉन्ड्रीची व्हॅन. हात केला. हवालदार म्हणाला, या सरदार, बेडूक मेला वाटतं? मी म्हणालो, सर्व्हिसिंगला दिलाय. सगळी व्हॅन हसली. मला वाईट वाटलं नाही. ओल्या बुटांच्या वासात पहिल्यांदाच बरं वाटलं.
स्टँडवर बाकावर कोणी नाही. पलीकडे एक पांढरी गाडी, हीटर चालू. तीच पांढरी. स्वयंपाक्याने परवाच घेतली, मला सांगितलं नाही. बायकोने शेवटी त्यालाच फोन केला होता. ती मागे बसली होती, मांडीवर पोरगी. पोरीच्या छातीतून बारीक सूं सूं आवाज. बायको पोरीची पाठ चोळत राहिली. तिने भांडायला पाहिजे होतं.
मी दार उघडून म्हणालो, बघ कोण आलंय! पोरीने आईच्या पदरात तोंड घातलं. विचारत होती, बाबा कुठंय?
बायकोने तिच्या हातात फोन दिला आणि मला मानेने खूण केली. मी दारात उभा राहून नंबर लावला. तिच्या हातातला फोन वाजला. ती केवढी हसली! म्हणाली, बाबा, तू आला नाहीस.
मी म्हणालो, आलो की. हा काय.
ती खिडकीतून दुसरीकडेच बघत होती.
दवाखान्यात स्वयंपाक्याने नेलं. औषध दिलंय. आता बरी आहे, झोपली.

३० नोव्हेंबर, रविवार
स्वयंपाक्याच्या गाडीतून बाजारात. मी मागे बसलो. पोरगी पुढे, त्याला काका म्हणते. मलाही काका म्हणते. सवय लागेल. पोरं फार लवकर शिकतात.
औषधाच्या दुकानावरून जाताना गल्लीत नजर गेलीच. हिरवी गाडी गेटात उभी, पुसून लख्ख. ताडपत्री घडी करून पायरीवर. काकूंचा निरोप आला होता, पैसे परत घेऊन जा. सवडीने जाईन. गाडी तशी मी त्यांना सांभाळायला दिलीय असंच समजायचं.
निश्चय: पुढची गाडी पांढरी. चेहरा नसलेली.

१ डिसेंबर, सोमवार
सकाळी बाहेर व्हॅनचा हॉर्न. दारात उभा राहिलो. निघताना जे म्हणतात ते म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बायको म्हणाली, असे काय उभे राहिलात? निघा. हवालदार ओरडतोय.
काही न म्हणताच निघालो.
हवालदाराने डोकी मोजली. एक कमी भरलं. म्हणालो, परत मोज. परत मोजली, परत एक कमी. शेवटी त्याने माझ्या गुडघ्याला हात लावून खात्री केली आणि गाडी सोडली. तोही आता म्हातारा झालाय.
वाटेत फोन वाजला. पोरगी. हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असं बोलत होती. म्हणाली, बाबा, तू आता घरी ये. तो काका गेला.