बहिणीच्या हातचा पाय

कुपवाड, २४ जानेवारी

प्रिय दादा,

खुशाली नंतर विचारते, आधी रागावून घेते. आज सकाळी कारखान्यात मालकांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावून तुझं पत्र वाचून दाखवलं. 'मी घाईत उतरलो, माझाच तोल गेला, कृत्रिम पायात काही दोष नाही.' खाली तुझी सही, फौजेतल्या हुद्द्यासकट. मालक इतके खूश, की लगेच पेढे मागवले. तिकडे तू मनगट मोडून घेतलंस आणि इकडे पेढे! मी माझा टेबलावरच टाकून आले.

घाईत उतरलास म्हणे! मायावहिनीने मला फोनवर सगळं सांगितलंय. "वन्सं, कसली घाई? रोजच्यासारखं दुधाची किटली घिऊन डेअरीला निघालं हुतं. पाय दगडावर लाकडावाणी वाजला आन् ह्ये उताराला आडवं." सुरुंगाने पाऊल नेल्यावर दवाखान्यात आम्हालाच हसवणारा माणूस तू. तीन वर्षं तोच उतार जुन्या पायाने उतरलास, कधी ठेच लागली नाही. डिसेंबरच्या शिबिरात नवा पाय मिळाला आणि महिन्यात पडलास. असं असून लिहून काय देतोस, तर माझाच तोल गेला. कुणी मागितलं होतं रे तुझ्याकडे हे?

वहिनीचा फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी तळव्याच्या रबराच्या दोन पट्ट्या घरी आणल्या, एक जुन्या मिश्रणाची, एक नव्या मिश्रणाची. फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवल्या. सकाळी दोन्ही दुमडून सोडल्या. जुनी टणकन सरळ झाली. नवी दुमडायलाच दोन्ही हात लागले, आणि सोडल्यावर ती सावकाश उलगडत राहिली, उठायचं जिवावर आल्यासारखी. ओट्यापाशी उभी राहून मी मालकांना मोठमोठ्याने शिव्या दिल्या. तू शिकवलेल्या सगळ्या.

रबराच्या आत रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात आणि त्या सारख्या वळवळत असतात, म्हणून ते वाकतं आणि परत येतं. आपल्या मेढ्याच्या थंडीचं त्यांना काहीच वाटत नाही. दिवाळीनंतर मालकांनी त्यात जे दुसरं, स्वस्तातलं पॉलिमर घालायला लावलं, त्याच्या साखळ्या जड, अवघडलेल्या. रबर मळायच्या मिलच्या रोलरमधून कितीही वेळा काढा, ते रबरात विरघळत नाही. त्याची आत बारीक बारीक बेटं होतात. कुपवाडच्या दुपारी त्या बेटांतही हालचाल असते, तळवा मऊ लागतो. पारा आठ-नऊवर उतरला की ती गोठून बसतात आणि शेजारच्या रबरालाही धड हलू देत नाहीत. आमची चाचणी मात्र बंद खोलीत, सत्तावीस अंशांना. तिथे कडकपणा मोजणारं मीटर जुन्या तळव्याइतकाच आकडा दाखवतं. कागद अगदी स्वच्छ!

मिलवरच्या केरबामामांना हे मीटरशिवाय कळलं होतं. तीस वर्षं रबर मळणारा जत भागातला माणूस. पहिली शीट निघाली तेव्हाच अंगठ्याने दाबून म्हणाले, "बाई, ह्यो माल गारठ्यात आखडंल. तुमच्या डोंगराकडं कसं व्हायचं?" त्यांना उत्तर मिळालं, की मामा, मीटर ठीक दाखवतंय ना? झालं, विषय संपला. असे बेचाळीस पाय गेलेत, मेढा, पाटण, उंब्रज, सगळीकडे. अजून महिनाभर थंडी आहे. शिबिरवाल्यांनी ते परत मागवावेत म्हणून मी तळमळतेय आणि मालक तुझं पत्र नाचवतायत. 'खुद्द फौजी लिहून देतो, आणखी काय पाहिजे?'

आठवतं, मेढ्याच्या स्टँडवर माझी ट्रंक गाडीवर चढवताना तू कंडक्टरला सांगत होतास, बहीण केमिस्ट्री शिकायला साताऱ्याला चालली म्हणून? त्याने विचारलंही नव्हतं. आणि गावात अजून तुझं तेच चाललंय, पाय बहिणीच्या हातचा म्हणून. तो मोठेपणा मला आता सोसत नाही.

तू असं का लिहिलंस, ते मला ठाऊक आहे. पायाच्या खोक्यात चाचणीचा कागद होता आणि त्यावरची सही तू ओळखलीस. केरबामामांना ते उत्तर देणारी मीच. थंडीत साखळ्यांचं काय होतं हे परीक्षेत लिहून पहिली आलेली मी, आणि सत्तावीस अंशांवर सही करून मोकळी झाले. म्हणून मालकांपेक्षा मला माझा राग जास्त येतो, आणि मला पाठीशी घातलंस म्हणून तुझा. शिबिरवाल्यांना मी सगळं माझ्या नावानिशी कळवलंय. नोकरी गेली तर जाऊ दे. तू तुझं पत्र मागे घे, खरं लिही. सोबत एक पाय पाठवतेय, केरबामामांनी त्यासाठी जुन्याच मिश्रणाचं रबर मळलंय. खोक्यात कागद आहे, पण त्यावर सहीची जागा मोकळी ठेवलीय. मनगट बरं झालं की भल्या पहाटे, गारठ्यात, डेअरीपर्यंत उतरून ये. आणि पाय नीट वाकला, तरच त्या जागी तू सही कर.

तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच,
शिवांजली