दुसऱ्या घंटेनंतर

प्रिय भित्र्या,

स्पर्धेच्या दिवशी तुझ्या तळव्यांना सुटणारा घाम आठवला, म्हणून हेच नाव लिहिलं. रागावू नकोस. काल आपल्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. सभागृह तेच, माइक अजून तसाच खरखरतो. वेळ संपल्याची दुसरी घंटा झाली तरी एक मुलगी तावातावाने बोलतच होती. तिचा शेवटचा मुद्दा सगळ्यात चांगला होता, पण नियम म्हणजे नियम, मला तो गुणांत धरता आला नाही.

आपली जोडी आठवते? एकाच कॉलेजचे दोघं, एक अनुकूल, एक प्रतिकूल. चिठ्ठीत निघेल ती बाजू घ्यायची आणि हातघाईवर यायचं. सर म्हणायचे, तुमचं एकमत झालं की करंडक गेलाच म्हणून समजा. ती खोड अशी लागली की कॅन्टीनमध्ये चहा घ्यावा की कॉफी यावरही आपण तासभर भांडायचो.

तिथेच घोटाळा झाला. जिन्यात बसून तू म्हणालास, परदेशातली नोकरी नाकारावी म्हणतोय, इथेच राहावं म्हणतोय. आणि मी, मूर्ख, सवयीने दुसरी बाजू घेतली. तुझं शिक्षण, तुझ्या आईची स्वप्नं, पुन्हा न येणारी संधी, एकेक मुद्दा बिनतोड. शेवटी तू हसून म्हणालास, जिंकलीस बाई. जन्मात एवढं चांगलं बोलले नव्हते मी. घरी गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले.

परवा तिकडून, परदेशातून, तुझा फोन आला. रविवारी लग्न, आणि तू ऐन वेळी डगमगतोयस. नेहमीसारखी प्रतिकूल बाजू मांड, म्हणजे माझी पक्की होईल, असं म्हणालास. मी म्हटलं, माझ्याकडे मुद्देच नाहीत, मुलगी गुणी आहे, मुकाट्याने लग्न कर. केवढा मोकळा हसलास तू!

खोटं बोलले रे. एक मुद्दा होता. माझं तुझ्यावर प्रेम आहे, त्या दिवशी जिन्यातही होतं. फोनवर सांगितलं असतं तर कदाचित पुन्हा जिंकले असते, मग त्या बिचारीचं काय? आणि न सांगता राहवतही नाही. आजवर चिठ्ठीत आलेल्याच बाजू मांडल्या, ही एवढी माझी स्वतःची. पोस्टात चौकशी केली, तुझ्याकडे पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर रविवार होऊन गेलेला असेल. वाच, आणि गुणांत धरू नकोस.

तुझीच,
भांडखोर