गाडग्यावरचा हात

भवानी पेठ, सोलापूर
६ फेब्रुवारी १९३४

प्रिय रंभा,

'नावडती म्हणून सून टाकता येते, अध्यक्ष टाकता येत नाही.' हे तू कधी बोललीस ते तुला आता आठवणारही नाही. सारजाबाई तेव्हा आपल्या भगिनी मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि सभेत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. घोरायच्यासुद्धा. आपल्यातल्या काही जणींनी त्यांना काढायचा विषय काढला, तर डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "माझ्या घोरण्यानं तुमचा एक तरी ठराव अडला का गं? न्हाय ना? मग घोरू द्या की!" सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. उभी राहून ते वाक्य बोललीस, आणि बोलून गेल्यावर शेजारी मी आहे हे तुझ्या ध्यानात आलं. नवऱ्यानं टाकलेली बाई त्या खोलीत मी एकटीच होते. तू माझा हात हातात घेतलास आणि सभा संपेपर्यंत सोडला नाहीस. मला वाईट वाटलंच नव्हतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू हात सोडला असतास.

माझं बरं चाललं आहे. शाळेत यंदा पहिलीला मुली पुष्कळ आल्या आहेत. निम्म्या घरी कानडी बोलतात, निम्म्या तेलुगू, आणि भांडतात मात्र मराठीत. मंगळवेढ्याहून नवी ज्वारी आली आहे. एकीसाठी भाकरी थापायची म्हटलं की पीठ नेहमी जास्तच भिजतं. गुरुवारी तू यायचीस तेव्हा उरलेली भाकरी तुझ्या टांगेवाल्याला जायची. मंडळाच्या कामात तुझं येणं सुटलं, आता ती सकाळी कुस्करून मीच खाते. गिरणीचा भोंगा झाला की पेठ कशी भरून जाते ते तुला ठाऊक आहे. एवढी माणसं दारावरून जातात, पण एकीचंही पाऊल माझ्या उंबऱ्याशी थांबत नाही. तक्रार नाही, नुसतं सांगते आहे.

तू अध्यक्ष झालीस आणि तुझ्यावरही तीच वेळ आली. विधवा नणंदेला तू मिरजेला नर्सचं शिकायला पाठवलंस, तर "जिला घरची बाई सांभाळता येत नाही ती मंडळ काय सांभाळणार" म्हणून बायका उठल्या. त्या दिवशी मी तुझंच वाक्य त्यांना ऐकवलं. म्हटलं, घरात काय केलं ते तिचं ती बघेल. खुर्चीत बसून काय केलं एवढंच आपण विचारायचं. कडक बोलते, आपलं ऐकत नाही, आवडत नाही, एवढ्यासाठी कुणाला दूर करायचं नाही, पुढच्या निवडणुकीपर्यंत कळ काढायची. तू वाचलीस. घरी जाताना टांग्यात तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, आणि मला वाटलं, माझंही कुणीतरी आहे.

त्यानंतर मतं घ्यायला गाडगं तूच आणलंस. सासू शेजारी बसली की सुनेचा हात वर होत नाही, हे तुझ्याच लक्षात आलं. ज्वारीचा दाणा म्हणजे होकार, हरभरा म्हणजे नकार. पदराखाली मूठ न्यायची आणि गाडग्यात सोडायची. पहिल्या वेळी ते उपडं केलं तेव्हा सारजाबाई म्हणाल्या होत्या, "अगं, ह्यात माझ्या सुनेचा दाणा कुठला, तेवढं सांगा." केवढी हसलीस तू!

आणि मग परवाची सभा. गिरणीतल्या बायकांना आपल्या शिवणवर्गात घ्यायचं की नाही, एवढाच ठराव. रिळावर काम करणारी काशम्मा पाळीवरून तशीच येऊन दाराबाहेर निकालासाठी बसली होती. सगळ्यांनी दाणे टाकले. तू गाडगं पुढ्यात ओढलंस, त्याच्या तोंडावर तळहात ठेवलास आणि म्हणालीस, "यात काय निघणार ते मला कळलं आहे. ठराव नामंजूर. दाणे पाखरांना टाका." बाहेरून काशम्माचा आवाज तेवढा आला, "अक्का, पाखरांनाच घालायचं हुतं तर बायकांस्नी कशाला टाकाय लावलं वो?" तू तिच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडेही नाही.

तुझं म्हणणं मला कळतं. तू जिन्यात मला थांबवून म्हणालीस, "मुक्ते, त्या आल्या तर पेठेतल्या घरंदाज बायका उठून जातील. मी मंडळ वाचवलं." तसंही होईल कदाचित. गाडग्यातून हरभराच जास्त निघाला असता तर मी मान खाली घालून घरी आले असते. ठराव पडला याचं मला दुःख नाही गं. तो पडला की नाही हेच कुणाला कळलं नाही. सारजाबाई झोपत होत्या, पण त्यांनी गाडगं झाकलं नसतं. तुझी पुढची निवडणूकही याच गाडग्यातून व्हायची आहे. मग निवडणुकीपर्यंत कळ काढा, असं मी आता कुणाला कोणत्या तोंडानं सांगू?

उद्या तुझ्याकडे एक कागद येईल. तुला अध्यक्षपदावरून दूर करण्यासाठी खास सभा बोलवावी, असं त्यात आहे. कारण एकच लिहिलं आहे, गाडग्याचं. तुझ्या घरातलं, बोलण्यातलं अवाक्षर नाही. कुणीकुणी सुचवलं होतं, मी खोडून टाकलं. अक्षर माझं आहे हे तू ओळखशीलच. पहिली सहीही माझीच आहे. कागदाआधी हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. त्यानंतर तू माझं तोंड बघणार नाहीस, हे धरूनच सही केली. तू प्रकृतीचं कारण सांगून राजीनामा पाठवशील, आणि सगळ्या जणी सुटल्यासारखा श्वास टाकतील. तसं करू नकोस. तू ये. मंडळ का वाचवावंसं वाटलं ते सगळ्यांसमोर सांग. कदाचित बायका तुलाच ठेवतील, आणि तसं झालं तर मला आनंदच होईल. फक्त मी बोलायला उभी राहीन तेव्हा खाली बघू नकोस, रंभे. माझ्याकडे बघ. तू बघणार नाहीस, मला माहीत आहे. तरी मागते.

तुझीच,
मुक्ता